घरी अभ्यास कोण घेतं? गृहपाठबंदीच्या एका जुन्या कायद्याची गोष्ट

'गृहपाठाचा शोध कोणी लावला' असं इंटरनेटवर शोधून बघा. व्हेनिसच्या रॉबर्टो नेव्हिलिस नावाच्या शिक्षकाने १९०५ मध्ये लावला, हे उत्तर ढिगाने सापडेल. आता त्याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९०१ मध्येच कायदा करून पंधरा वर्षांखालील मुलांवर घरच्या अभ्यासाची सक्ती करायला बंदी घातली होती. १९०५ मध्ये शोध लागलेल्या गोष्टीवर चार वर्षं आधी बंदी येईल का? या नेव्हिलिसचा त्या काळातला एकही पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. तरी त्याचं नाव एका लेखातून दुसऱ्या लेखात जात राहतं.

पीएचडीचा आराखडा लिहायला बसलेल्यांपैकी बरेच जण शिक्षणाशी संबंधित विषय घेतात, आणि 'गृहपाठाचे फायदे-तोटे' हा त्यातला आवडता. विषय चांगलाच आहे, पण या स्वरूपात तो शाळेतल्या निबंधाचा विषय आहे, संशोधनाचा नाही. त्याचा संशोधनप्रश्न कसा करायचा, हे त्या १९०१ च्या कायद्यावरून बघू.

आधी कायदा का आला ते समजून घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन शाळेत घोकंपट्टीवर भर होता. मुलांनी घरी पाठ करायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणून दाखवायचं. बहुतेक मुलं चार-सहा इयत्तांनंतर शाळा सोडून कामाला लागत, त्यामुळे हा त्रास थोड्याच घरांत पोचत होता. जास्त मुलं जास्त वर्षं शाळेत राहू लागली तशी तक्रार वाढली. डॉक्टर मुलांच्या डोळ्यांबद्दल, पाठीच्या कण्याबद्दल आणि मज्जातंतूंबद्दल बोलू लागले. १९०० मध्ये 'लेडीज होम जर्नल' या मासिकाचे संपादक एडवर्ड बोक यांनी गृहपाठाविरुद्ध मोहीमच उघडली. बोक स्वतः हॉलंडहून आलेल्या कुटुंबातले, लहान वयात शाळा सोडून नोकरीला लागलेले. पंधरा वर्षांखालच्या मुलाला गृहपाठ असूच नये, संध्याकाळ खेळायला आणि घरच्यांसाठी मोकळी हवी, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाचा कायदा झाला. १९१७ मध्ये तो रद्द झाला.

इथून पुढे बहुतेक विद्यार्थी एक सोपी मांडणी करतात. १९०० च्या सुमारास गृहपाठ वाईट ठरला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिका घाबरली आणि गृहपाठ चांगला ठरला. १९८३ मध्ये 'अ नेशन ॲट रिस्क' या सरकारी अहवालाने आणखी गृहपाठ मागितला. म्हणजे लंबक एकदा इकडे, एकदा तिकडे. प्रकरण तयार!

थांबा. हा इतिहास नक्की कशाचा झाला? मासिकं, अहवाल, भाषणं यांचा. मुलं घरी किती वेळ वही उघडून बसत होती, हे त्यात कुठेच आलेलं नाही.

ब्रायन गिल आणि स्टीव्हन श्लॉसमन या अभ्यासकांनी नेमकं हेच विचारलं. २००३ पूर्वीच्या पन्नासेक वर्षांत विद्यार्थ्यांना वेळेबद्दल विचारलेल्या जुन्या पाहण्या त्यांनी गोळा केल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडला. वरच्या वर्तुळात मतं कितीही बदलली तरी घरातल्या अभ्यासाचा वेळ फारसा बदलला नव्हता, आणि बहुसंख्य अमेरिकन मुलं दिवसाला तासाभरापेक्षा कमीच अभ्यास करत होती. स्पुटनिकनंतरच्या दशकात वेळ वाढला, पण ती वाढ टिकली नाही. शेवटच्या वीसेक वर्षांत अगदी लहान मुलांना थोडा गृहपाठ देणं तेवढं वाढलं. हीच जोडी पालकांवरही लिहिते: तज्ज्ञ विरोधात असतानाही पालकांचा मोठा वर्ग गृहपाठाच्या बाजूने राहिला, कारण शाळेत काय चाललंय हे घरी कळण्याची ती एक खिडकी होती.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. चर्चेचा इतिहास वेगळा, वागण्याचा इतिहास वेगळा. दोन्ही लिहिता येतात, पण एकाचे पुरावे दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाहीत.

आता फायदे-तोट्यांकडे येऊ. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अनेक अमेरिकन अभ्यास एकत्र तपासले. सातवीपासून वर गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, सहावीपर्यंत तो फार क्षीण आहे. पण लक्षात ठेवा, संबंध म्हणजे कारण नव्हे. गृहपाठामुळे गुण वाढतात, की ज्या घरात गुण वाढण्यासारखी परिस्थिती आहे तिथेच गृहपाठ पुरा होतो? २०१२ च्या पिसा चाचणीत सुस्थितीतल्या घरांतली पंधरा वर्षांची मुलं वंचित घरांतल्या मुलांपेक्षा आठवड्याला सरासरी १.६ तास जास्त गृहपाठ करताना आढळली.

इथे आपली मराठी उपयोगी पडते. आपण म्हणतो, 'आई मुलाचा अभ्यास घेते.' मूल अभ्यास करतं, आणि घरातलं कोणीतरी तो घेतं. ते 'कोणीतरी' हाच या विषयाचा गाभा आहे. एका घरात आई-बाबा शेजारी बसतात, अडलेलं गणित सोडवून देतात, कधीकधी तर प्रोजेक्ट स्वतःच करून टाकतात. दुसऱ्या घरात एकच खोली, टीव्ही चालू, धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, आणि वही तपासायला कोणाला वाचता येत नाही. दोघांना गृहपाठ एकच. सकाळी उभं कोण राहणार, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. पण उलट बाजूही बघा. त्या दुसऱ्या घरात मुलाची वही हाच शाळेतून येणारा एकमेव कागद असू शकतो. तोही बंद केला तर त्या पालकांचं काय? बोक यांच्या लेखणीला जे घर दिसत होतं, ते या दोन्हींपेक्षा निराळं होतं.

भारतात आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याबद्दल आवाज उठवला. १९९२ मध्ये नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात सांगितलं की प्राथमिक वर्गांना गृहपाठ नकोच; भोवतालचा परिसर धुंडाळण्यापुरता असला तर चालेल. २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत शून्य, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास आणि नववीपासून दोन तास अशी मर्यादा आहे. ही झाली चर्चा. वागणं कुठे शोधाल?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ-वापर पाहणी उघडा. तिच्यात सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस नोंदवला आहे. वर्गीकरणात गृहपाठ 'शिक्षणा'खाली येतो, आणि मुलांना शिकवणं, त्यांना मदत करणं हे घरातल्या बिनपगारी संगोपनात येतं. म्हणजे अभ्यास करणारा आणि अभ्यास घेणारी, दोघांचेही तास मोजता येतात. जुन्या काळासाठी 'जीवन शिक्षण'सारख्या मासिकांचे अंक, शाळांची शेरेबुकं आणि घरांत जपलेल्या वह्या आहेत. लाल शाईचा शेरा आणि खालची पालकाची सही किंवा अंगठा, हाही पुरावाच.

म्हणून आराखड्यात 'फायदे-तोटे' लिहू नका. कोणत्या काळात, कोणत्या घरात, कोणाच्या वेळेतून आणि कोणाच्या मदतीने गृहपाठ पुरा झाला, असं विचारा. गाईडने 'पुरावा कुठे मिळेल?' असं विचारलं, तर सांगायला तुमच्याकडे निदान दोन जागा आहेत.