नाव झाइसचं, दुर्बीण कोणाची?

बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीबद्दल शिक्षकांच्या मासिकात लिहायचं म्हणजे थोडं विचित्रच. आपल्या नामवंत नेमबाजांचाही तिच्याशी फारसा संबंध नसतो. 2024 साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल प्रकारात ब्राँझपदक मिळवलं ते दुर्बिणीशिवाय. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत ती लावूच देत नाहीत. ही दुर्बीण मुख्यतः शिकाऱ्यांची आणि सैनिकांची. पण तिच्या खरेदीत एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो प्रयोगशाळेसाठी उपकरणं घेणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा वाटेल: वडिलांनी कार्ल झाइसची दुर्बीण वापरली म्हणून मुलानंही तीच घ्यावी का? चार पैसे जास्त मोजायचे ते काचेचे, की डब्यावरच्या नावाचे?

हे नाव आपल्याला परकं नाही. मुंबईचं नेहरू तारांगण 1977 साली सुरू झालं तेव्हा त्याच्या घुमटाखाली झाइसचाच प्रक्षेपक होता. नावाला वजन कशानं आलं, हे पाहण्यासाठी मात्र जर्मनीतल्या येना या गावी जायला हवं.

तिथं कार्ल झाइसनं 1846 साली एक छोटा कारखाना काढला आणि तो सूक्ष्मदर्शक बनवू लागला. त्या काळी भिंगं जुळवायची पद्धत अंदाजपंचेच होती. कारागीर भिंगांच्या जोड्या लावून पाहत, चांगली प्रतिमा दिसेपर्यंत बदलत राहत. जमलं तर उत्तम, पण पुढचं उपकरण तसंच होईल याची हमी नाही. झाइस स्वतः फार कडक होता. कमअस्सल निघालेला सूक्ष्मदर्शक तो ऐरणीवर ठेवून हातोडीनं फोडत असे, असं सांगतात. पण हातोडीनं वाईट माल बाहेर जाणं थांबतं, चांगला माल तयार होत नाही.

1866 पासून येना विद्यापीठातला एर्न्स्ट आबे हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ झाइसच्या मदतीला आला. भिंगांची वक्रता, जाडी, अंतरं आधी कागदावर काढायची आणि मग काच घासायची, असा त्याचा आग्रह. गंमत म्हणजे हिशोबानं केलेली पहिली वस्तुभिंगं अंदाजानं केलेल्यांपेक्षा वाईट निघाली! दोष कमी व्हावेत म्हणून आबेनं भिंगाचं तोंड लहान ठेवलं होतं, आणि त्यामुळे बारीक तपशीलच हरवले. या फजितीचा पाठपुरावा करताना त्याला प्रकाशाच्या विवर्तनाचं महत्त्व कळलं, आणि 1873 साली त्यानं आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. वर्गात चुकलेलं उत्तर पुसून टाकण्याआधी हा प्रसंग मुलांना जरूर सांगावा. 1884 मध्ये ओटो शॉटच्या सोबतीनं येनातच काचेचा कारखाना निघाला, आणि हव्या त्या गुणधर्माची काच मिळू लागली.

झाइस 1888 साली वारला. पुढच्या वर्षी आबेनं त्याच्या नावानं एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि काही काळानं कंपनीतला आपला वाटाही त्याला देऊन टाकला. व्यवस्थापकांचा पगार सरासरी कामगाराच्या दहापटीहून अधिक असू नये असा नियम केला. 1900 साली तिथं आठ तासांचा दिवस सुरू झाला. आजही कंपनीची मालकी त्या प्रतिष्ठानाकडेच आहे. नावाशी निष्ठा ठेवायला आमच्या मते हे एक खरंखुरं कारण आहे. मात्र त्याच येनात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेठीला धरलेल्या परदेशी मजुरांकडून काम करून घेतलं गेलं, हेही त्याच नावाच्या खात्यावर मांडायला हवं.

बंदुकीच्या दुर्बिणीला या कारखान्यानं दिलेली मोठी देणगी 1935 ची. हवेतून काचेत शिरताना किंवा बाहेर पडताना सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. या दुर्बिणीत वस्तुभिंग, उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं आणि नेत्रभिंग असतं. हवेला लागलेले दहा पृष्ठभाग धरले, तर 0.96 चा दहावा घात काढायचा. उत्तर 0.66. म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला; आणि शिकारीची वेळ तर पहाटेची नाही तर तिन्हीसांजेची. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुलानं भिंगावर प्रकाशलहरीच्या पाव लांबीइतका पातळ थर चढवायची रीत काढली. थराच्या दोन्ही बाजूंनी परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. हिरव्या प्रकाशासाठी थर जुळवला की उरलेला तांबडा-निळा परततो, म्हणून अशी काच जांभळट दिसते. जुन्या कॅमेऱ्याचं भिंग ट्यूबलाइटखाली तिरकं धरून मुलांना हे दाखवता येईल. लष्करानं ही रीत काही वर्षं गुप्त ठेवली, पण आज ती कुणाचीच मिरास नाही.

मग 1945 साल उजाडलं. येना आधी अमेरिकन सैन्याच्या हाती आलं, पण ते रशियाच्या वाट्याला जाणार हे ठरलेलं होतं. जाताना अमेरिकनांनी झाइसचे 84 निवडक तज्ज्ञ बरोबर नेले, आणि त्यांनी पश्चिमेला ओबरकोखेन इथं नवा कारखाना उभारला. रशियनांनी येनातली यंत्रं उचलून नेली. तरी येनाचा कारखाना पुन्हा उभा राहिला. आता झाइस दोन! दोन्हीकडे बंदुकीच्या दुर्बिणी होत: पश्चिमेच्या वेट्सलारला हेन्सोल्ट या जुन्या, झाइसनं ताब्यात घेतलेल्या कारखान्यात. नाव कुणाचं यावर वर्षानुवर्षं खटले चालले, आणि 1971 साली लंडनला तडजोड झाली.

जर्मनी एक झाल्यावर नाव पश्चिमेकडे गेलं. पूर्वेकडचा आइसफेल्डचा दुर्बिणींचा कारखाना 1991 मध्ये ‘डॉक्टर’ कंपनीनं घेतला (हे मालकाचं आडनाव, पेशा नव्हे). गाव तेच, कारखाना तोच. डब्यावरचं नाव तेवढं बदललं. उलट आज झाइस नावाच्या काही स्वस्त जोडदुर्बिणी चीनमध्ये आणि बंदुकीच्या काही दुर्बिणी जपानमध्ये तयार होतात. त्या वाईट असतात असं मुळीच नाही. पण आबेच्या काळी झाइस म्हणजे इतरांजवळ नसलेली एक पद्धत होती. आता ती पद्धत सगळ्यांची झाली आहे, आणि नावावर उरला आहे तो मुख्यतः कायद्याचा हक्क. म्हणून ‘झाइस घ्यावी का’ या प्रश्नाला आमचं उत्तर असं, की एखादी ठरावीक दुर्बीण जरूर घ्यावी, पण तपासून.

तपासणी सोपी आहे. दुर्बीण शिकंज्यात घट्ट पकडून 100 मीटरवर एक मोठा चौकटीचा कागद लावावा. बहुतेक युरोपीय दुर्बिणींत नेम सरकवणाऱ्या चकतीचा एक टिचका म्हणजे तेवढ्या अंतरावर 1 सेंटिमीटर. 40 टिचके वर, 40 उजवीकडे, 40 खाली, 40 डावीकडे द्यावेत. फुली 40 सेंटिमीटरचा चौरस काढून मूळ खुणेवर परत यायला हवी. नाही आली, तर डबा दुकानदाराकडे परत.