लाल शेपटीची विमाने आणि रुपेरी पडदा

दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांवर हॉलीवूडने असंख्य चित्रपट काढले. परंतु त्या लढायांतील कृष्णवर्णीय अमेरिकी वैमानिक पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाचा विषय व्हायला जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

कृष्णवर्णीय सैनिक बुद्धी व धैर्य या दोहोंत उणा असतो, असा निष्कर्ष अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजने १९२५ च्या अहवालात काढला होता. समान हक्कांची मागणी करणाऱ्या संघटनांच्या दबावामुळे १९४१ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांचे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले, तेही गोऱ्यांपासून वेगळे ठेवून. मार्च १९४२ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या पाच जणांत बेंजामिन डेव्हिस होते. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत चार वर्षे सहाध्यायांनी त्यांच्याशी बोलणे टाळले होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली ३३२ व्या फायटर ग्रुपने इटलीतून बॉम्बफेकी विमानांना संरक्षण दिले. विमानांच्या लाल रंगवलेल्या शेपट्यांमुळे ते ‘रेड टेल्स’ म्हणून ओळखले गेले.

एचबीओ वाहिनीचा ‘द टस्कीगी एअरमेन’ हा चित्रपट १९९५ मध्ये आला. कथालेखकांपैकी रॉबर्ट विल्यम्स स्वतः टस्कीगीचे वैमानिक होते. जर्मन युद्धकैद्यांसाठी कृष्णवर्णीय प्रशिक्षणार्थींना रेल्वेच्या डब्यातून उठवले जाते, हा त्यातील प्रसंग अनेक भाषणांहून बोलका आहे. जॉर्ज लुकास निर्मित ‘रेड टेल्स’ २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. बहुतांश कलाकार कृष्णवर्णीय असल्याने मोठे स्टुडिओ पैसे गुंतवण्यास तयार नव्हते, असे लुकास यांनी सांगितले. अखेर त्यांनी पदरचा पैसा घातला. कोरियन युद्धात १९५० मध्ये प्राण गमावलेले नौदल वैमानिक जेसी ब्राऊन यांच्यावरील ‘डिव्होशन’ २०२२ मध्ये आला.

या वैमानिकांच्या संरक्षणाखालील एकही बॉम्बफेकी विमान शत्रूने पाडले नाही, ही आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. १९९५ च्या चित्रपटानेही ती उचलून धरली. मात्र हवाई दलाच्या इतिहासकारांनी नोंदी तपासल्या, तेव्हा अशी २७ विमाने गमावल्याचे दिसले. त्या आघाडीवरील अन्य फायटर ग्रुपची सरासरी ४६ होती. म्हणजे खरी कामगिरीही सरस होती. गोरा वैमानिक सामान्य असला तरी चालत असे; कृष्णवर्णीयाला मात्र निव्वळ पात्र ठरण्यासाठी अचूकच असावे लागे. दंतकथेने नकळत हाच अन्याय्य निकष मान्य केला.

आणखी एक लढाई पडद्यावर फारशी आली नाही. एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्ड तळावर गोऱ्यांसाठी राखीव अधिकारी क्लबमध्ये शिरणाऱ्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना अटक झाली. पुढे, वेगळेपणाच्या नियमपत्रावर स्वाक्षरी करण्यास १०१ अधिकाऱ्यांनी नकार दिला. तेथे विमाने नव्हती की तोफा नव्हत्या. होता तो केवळ नकार. १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश काढला. फ्रीमन फील्डच्या अधिकाऱ्यांवरील ठपके पुसण्यास हवाई दलाने १९९५ मध्ये प्रारंभ केला.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणक्रमातून या वैमानिकांवरील चित्रफिती काढल्या गेल्या आणि टीकेनंतर काही दिवसांतच पुन्हा घेतल्या गेल्या. इतिहासाचे स्थान इतके डळमळीत असते, तेव्हा चित्रपटांवर स्मृती जपण्याची जबाबदारी येते. आणि ती आख्यायिकेपेक्षा सत्याच्या आधारे अधिक काळ टिकते.