हिवाळ्यातील डिस्क गोल्फ

हिवाळ्यातील डिस्क गोल्फ म्हणजे थंड हवामानात, विशेषतः बर्फाच्छादित किंवा गोठणबिंदूजवळच्या तापमानात खेळला जाणारा डिस्क गोल्फ होय. डिस्क गोल्फमध्ये खेळाडू ठरावीक आरंभस्थानापासून प्लॅस्टिकची तबकडी फेकतो. ती जिथे पडेल तेथून पुढची फेक करत तो साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीपर्यंत पोहोचतो. सर्वांत कमी फेकींत मैदान पूर्ण करणारा खेळाडू विजयी ठरतो. मैदानावर सामान्यतः ९ किंवा १८ टोपल्या असतात. थंडीत खेळाचे नियम बदलत नाहीत, मात्र तबकडीचे उड्डाण, खेळाडूची हालचाल आणि जमिनीची स्थिती या तिन्ही गोष्टी बदलतात.

पार्श्वभूमी

या खेळाच्या पूर्वरूपांपैकी एक थंड प्रदेशातलेच आहे. १९२६ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील ब्लॅडवर्थ येथे शाळकरी मुले डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून गोल्फसारखा खेळ खेळत असत. आधुनिक डिस्क गोल्फचे श्रेय एड हेड्रिक यांना दिले जाते. त्यांनी फ्रिस्बीच्या रचनेत सुधारणा केली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान तयार झाले आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट हेड्रिक यांना १९७७ मध्ये मिळाले.

संघटनेच्या निकषांनुसार तबकडीचा व्यास २१ ते ३० सेंटिमीटर असावा लागतो आणि वजन २०० ग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. मैदानी स्पर्धांतील थाळीफेकीची थाळी पुरुषांसाठी २ किलोग्रॅमची व महिलांसाठी १ किलोग्रॅमची असते. डिस्क गोल्फची तबकडी तिच्या तुलनेने फारच हलकी असल्यामुळे तिच्यावर हवेचा प्रभाव अधिक पडतो.

थंडीचा उड्डाणावर होणारा परिणाम

थंडीत फेक आखूड पडते. यामागे तीन स्वतंत्र कारणे आहेत.

पहिले कारण हवेची घनता. समुद्रसपाटीला ३० अंश सेल्सियस तापमानात हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.१६ किलोग्रॅम असते. शून्य अंशाला ती सुमारे १.२९ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ ११ टक्क्यांनी अधिक असते. घन हवेत तबकडीला मिळणारी उचल वाढते, पण हवेचा रोधही वाढतो व तबकडीचा वेग लवकर कमी होतो.

दुसरे कारण प्लॅस्टिक. थंडीत ते कडक होते, त्याचा पृष्ठभाग निसरडा लागतो आणि पकड सैल पडते. काही प्रकारचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन झाडावर किंवा टोपलीच्या खांबावर आदळल्यास तडकते. म्हणून हिवाळ्यासाठी मऊ, चिकट पोताच्या तबकड्या निवडतात.

तिसरे कारण खेळाडूचे शरीर. थंडीत बोटांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो, स्नायू आखडतात आणि जाड कपड्यांमुळे हात मोकळेपणाने फिरत नाही. हाताचा वेग घटला की तबकडी फिरकीच्या स्वभावानुसार लवकर एका बाजूला वळते. उजव्या हाताने, हाताची पाठ पुढे ठेवून केलेल्या फेकीत ती शेवटी डावीकडे झुकते. कमी वेगातही सरळ जाणाऱ्या, किंचित हलक्या तबकड्या वापरून हा परिणाम कमी करता येतो.

बर्फावरील खेळ

भुसभुशीत बर्फात काठावर पडलेली तबकडी आत घुसते आणि वर केवळ एक बारीक चीर उरते. त्यामुळे पांढऱ्या व फिकट तबकड्या टाळून भडक रंगाच्या वापरतात. अनौपचारिक खेळात तबकडीच्या तळाला लांब फीत चिकटवण्याची पद्धत आहे. तबकडी रुतली तरी फितीचे टोक वर दिसते. याउलट कडक झालेल्या बर्फावर सपाट पडलेली तबकडी दूरवर घसरत जाते.

आरंभस्थान निसरडे असल्यास धावत येऊन फेकण्याऐवजी उभ्याने फेकणे सुरक्षित समजले जाते. बुटांच्या तळाला खिळ्यांचे जोडही लावतात. फिनलंडसारख्या उत्तरेकडील देशांत हिवाळ्यातील दिवस लहान असल्याने तबकडीला छोटे एलईडी दिवे चिकटवून अंधारातही खेळ सुरू ठेवला जातो. हेलसिंकी येथे डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस सहा तासांहूनही लहान असतो.

आइस बोल

आइस बोल हा अमेरिकेत सुरू झालेला हिवाळी डिस्क गोल्फचा उपक्रम आहे. पहिला आइस बोल १९८७ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे झाला. पुढे अनेक गावांतील मंडळे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास अशा स्पर्धा भरवू लागली. कितीही थंडी असली तरी खेळ रद्द न करणे ही त्यांची परंपरा आहे. जमा झालेला निधी मुख्यतः स्थानिक गरजूंच्या अन्नसाहाय्यासाठी दिला जातो.

सुरक्षितता

शरीराचे आंतरिक तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यास त्या अवस्थेला अल्पतापावस्था म्हणतात. सतत थरथर, अडखळते बोलणे व गोंधळलेपणा ही तिची लक्षणे असून अशा वेळी खेळ थांबवून वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. घामाने भिजलेले सुती कपडे अंगातील उष्णता लवकर घालवतात, म्हणून आतून लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे घालतात. एका जाड कपड्यापेक्षा अनेक पातळ थर सोयीचे ठरतात. खेळापूर्वी खांदा, कोपर व कंबर यांना पुरेसा व्यायाम न दिल्यास दुखापतीचा धोका वाढतो. गोठलेल्या तळ्यावर पडलेली तबकडी आणण्यासाठी बर्फावर उतरणे जीवघेणे ठरू शकते.

सातारा परिसरातील हवामान

भारतात उडत्या तबकडीच्या खेळांपैकी अल्टिमेट हा सांघिक खेळ अधिक परिचित आहे. सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याजवळील खंडाळा वेगळे) बर्फ पडत नाही. तेथील हिवाळा कोरडा असून पहाटे थंडी व दव, तर दुपारी कडक ऊन असा फरक असतो. अशा हवामानात मुख्य अडचण ओल्या तबकडीची असते. प्रत्येक फेकीपूर्वी कोरड्या कापडाने ती पुसावी लागते.

जिल्ह्याच्या डोंगरी भागात उंचीमुळे गणित पालटते. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच असून तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे १० अंश सेल्सियसच्या थंड सकाळीही तेथील हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.०७ किलोग्रॅम, म्हणजे समुद्रकाठच्या उन्हाळ्यातल्या हवेपेक्षाही कमी भरते. अशा विरळ हवेत उचल कमी मिळते आणि तबकडीचा बाजूला झुकण्याचा कल वाढतो. म्हणजेच येथे थंडीचा परिणाम हवेपेक्षा प्लॅस्टिकवर व शरीरावर अधिक जाणवतो.

हिवाळ्यात शिवारात रब्बी ज्वारी उभी असल्याने मोकळ्या जागा मर्यादित असतात. सरावासाठी शाळेचे मैदान किंवा पडीक जमीन योग्य ठरते आणि खांब, झाड किंवा टोपली हे लक्ष्य म्हणून पुरते. पठाराच्या कड्यालगत फेक करणे धोक्याचे आहे. कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा क्षेत्रात २०१२ पासून समाविष्ट आहे. तेथील मातीचा थर अत्यंत पातळ असून फुले सरल्यानंतरही पुढील वर्षाची बीजे व कंद त्याच थरात असतात. त्यामुळे अशी पठारे खेळासाठी वापरणे योग्य नाही.

हेही पाहा

थाळीफेक
अल्टिमेट
गोल्फ
लगोरी