गर्भ, तीर आणि क्षेत्र : नदीकांठच्या वस्तीविषयींचा एक जुना निर्बंध

पुराच्या पाण्याखालीं जाणाऱ्या जमिनीवर घरें बांधूं द्यावींत कीं नाहींत, हा वाद महाराष्ट्रांत पावसाळ्याबरोबर निघतो आणि दिवाळीच्या सुमारास विसरला जातो. त्यांत ‘निळी रेषा’ व ‘लाल रेषा’ हे शब्द वारंवार कानीं पडतात. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांतहि नदीच्या भूमीची अशीच एक वांटणी सांगितलेली आहे. ती संशोधकांपुढें ठेवावी, एवढाच या टिपणाचा हेतु.

वंगदेशीय रघुनंदन भट्टाचार्य (सोळावें शतक) यांच्या प्रायश्चित्ततत्त्वांत गंगेसंबंधीं कांहीं वचनें घेतलेलीं आहेत. त्यांचें तात्पर्य असें : भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाणी जेथवर चढतें, तेथवर नदीचा ‘गर्भ’, गर्भापासून पुढें दीडशें हात तें ‘तीर’, आणि तीरापासून एक गव्यूतीपर्यंत ‘क्षेत्र’. राहावयाचें तें तीर सोडून क्षेत्रांत. तीरावर वास इष्ट नाहीं. म. म. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडांत (१९५३) तीर्थप्रकरणीं या विभागांचा परामर्श घेतला आहे. हात अठरा इंचांचा धरल्यास तीर सुमारें २२५ फूट होतें. गव्यूति म्हणजे, अमरसिंहाप्रमाणें, दोन कोस.

येथें तिथीचा एक प्रश्न उद्भवतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो, आपल्याकडे अमावास्येस. म्हणून उत्तरेची भाद्रपद कृष्ण चतुर्दशी ती आपली श्रावण वद्य चतुर्दशी, म्हणजे पिठोरीचा आदला दिवस. आपल्या भाद्रपदाची वद्य चतुर्दशी धरली, तर सर्वपित्रीचा आदला दिवस येतो. दोहोंत महिन्याचें अंतर आहे, आणि ओसरत्या पावसांत महिन्यानें पाण्याची पातळी पुष्कळच उतरते. वचन गंगाकांठचें आहे व त्यांतील हेतु नदीचा भरता विस्तार धरण्याचा दिसतो. म्हणून पहिला पक्ष आम्हांस ग्राह्य वाटतो. नदी वैशाखांतल्या धारेवरून मोजावयाची नाहीं, हें मात्र कोणत्याहि पक्षीं निर्विवाद आहे.

या वचनांवरून प्राचीनांस पूरनियंत्रणाचें शास्त्र अवगत होतें, असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होईल. आम्ही तसें म्हणत नाहीं. वचनांचा विषय तीर्थाचें पावित्र्य हा आहे. घर वाहून जाईल अशी भीति त्यांत कोठेंहि बोलून दाखविलेली नाहीं. परंतु निर्बंधाचा हेतु एक आणि त्याचें फळ दुसरें, असें व्यवहारांत घडतें.

आतां आजचा नियम पाहूं. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यानें १९८९ च्या परिपत्रकानें नदीच्या दोन्ही कांठांस दोन रेषा ठरविल्या. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणारा पूर, अथवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट प्रवाह, यांपैकीं जो मोठा त्याची रेषा निळी. १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आंत ‘निषिद्ध क्षेत्र’. तेथें बागा, क्रीडांगणें असे मोकळे उपयोग तेवढे चालतात. निळी व लाल यांमध्यें ‘नियंत्रित क्षेत्र’. प्रयागास अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें २०११ त गंगेच्या सर्वोच्च पूरपातळीपासून ५०० मीटरांच्या आंत नवीं बांधकामें थांबविलीं. हें अंतर जुन्या तीराच्या सुमारें सातपट आहे.

दोहोंत साम्य पुष्कळ. पण भेद अधिक बोधप्रद आहे. जुन्या वचनांत प्रवाहापासून चार हातांपर्यंतच्या भूमीचा स्वामी नारायण. दुसरा कोणीहि स्वामी नाहीं, आणि प्राण कंठाशीं आले तरी तेथें दान घेऊं नये, असें सांगितलें आहे. चार हात म्हणजे अवघे सहा फूट. परंतु अवधि प्रवाहाचा धरला असल्यामुळें नदी फुगली कीं ती पट्टीहि तिच्याबरोबर वर सरकते, असा आम्ही अर्थ करतों. म्हणजे येथें निर्बंध बांधकामावर नसून स्वामित्वावरच आहे. ज्याचा कोणी धनी नाहीं तें कोण देणार आणि कोण घेणार? आजच्या नियमांत जमीन धन्याचीच राहते, फक्त तिच्यावर बांधूं नये म्हणतात. मग रेषा चार पावलें नदीकडे सरकावी अशी इच्छा प्रत्येक धन्यास होते. रेषांच्या तंट्याचें मूळ आमच्या मतें येथें आहे.

गर्भांत बांधावयाचेंच तर कसें, याचें उदाहरण नृसिंहवाडीस आहे. कृष्णेचें पाणी चढलें म्हणजे तें दत्तपादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, लोक त्या पर्वणींत स्नान करतात, आणि उत्सवमूर्ति वर हलविली जाते. पाणी येणार हें तेथें गृहीतच आहे. त्याच कृष्णेची धोक्याची पातळी सांगलीस आयर्विन पुलाशीं ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें.

पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेच्या कांठच्या पेठा बुडाल्या. तो धरणफुटीचा लोंढा. पर्जन्याच्या पुरांत त्याची गणना करतां येत नाहीं. त्यानंतर गोखलेनगरासारख्या वसाहतींत पूरग्रस्तांस घरें मिळालीं, म्हणजे तीर सोडून क्षेत्रांत राहणें अखेर घडलें. पण नदीकांठ कांहीं मोकळा राहिला नाहीं. २०२४ च्या जुलैंत सिंहगड रस्त्याकडील सखल वसाहतींत पाणी शिरलें, तें खडकवासल्याहून सोडलेलें होतें.

आमच्या आजोबांच्या नारायण पेठेंतील पोथ्यांची पेटी १९६१ त गेली. तींतली एक खंडित पोथी तेवढी राहिली असून तिच्या पानांच्या कडांवर गाळाची पिवळट रेघ अद्याप स्पष्ट दिसते. अशा रेघा इतरांच्या संग्रहांतहि असतील; शिवाय जुने लेखक पोथीच्या अखेरीस पाण्याची नोंद कधींकधीं करून ठेवतात. कोणापाशीं पुराची तिथि, शक अथवा घाटाची पायरी सांगणारी नोंद असल्यास तिची अक्षरशः नक्कल, पोथीचें नांव व गांव यांसह, मंडळाकडे पाठवावी. भाद्रपद कीं श्रावण, या वर केलेल्या निर्णयास आपल्या नद्यांपुरता आधार किंवा बाध त्यावरूनच मिळेल.