शायनिंग मारायची म्हणजे काय?

'कूल' हा शब्द कवठे महांकाळला यायच्या आधीही पोरं शायनिंग मारतच होती, भाव खातच होती. इथल्या कॉलेजातल्या पोरांनी उद्या मोबाइलवर या विषयाची फिल्म काढायची म्हटलं, तर आधी नागराज मंजुळे बघावेत.

जेऊरच्या मंजुळेंनी अहमदनगरला संज्ञापन शिकताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या गरीब पोराची ती गोष्ट. दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. मग 'फँड्री'तला जब्या आला. त्याला जीन्स हवी, तोंडाला पावडर हवी, कारण वर्गातल्या शालूनं आपल्याकडे बघावं. पण गावाला त्याची जातच दिसते. शालूच्या देखत त्याला डुक्कर धरावं लागतं. शेवटी तो दगड भिरकावतो.

२०१६च्या 'सैराट'मधला सल्या मुसलमान आहे, पण कथेत तो फक्त परश्याचा जिवलग दोस्त आहे. आपल्या पोरांनाही तेवढंच हवं असतं. नाव सांगितल्यावर समोरच्याची नजर बदलू नये. पोरांनो, गॉगल आणि बाइक दाखवाच, पण ती बदललेली नजरही कॅमेऱ्यात धरा.