माएहाता, गानबारे!

११ ऑगस्ट १९३६. जपानमध्ये मध्यरात्र, म्हणजे रेडिओचं प्रसारण संपायची वेळ. आणि तिकडे बर्लिनहून निवेदक कासाई सानसेई श्रोत्यांना विनवतोय, की कृपा करून रेडिओ बंद करू नका. बर्लिनमध्ये तेव्हा दुपारचे चार वाजत होते आणि ऑलिंपिकच्या तलावात महिलांच्या २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम फेरी सुरू होणार होती.

पुढची तीन मिनिटं म्हणजे जपानच्या रेडिओच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं समालोचन. खरं तर त्याला समालोचन म्हणणंच कठीण आहे. शेवटच्या ५० मीटरमध्ये हा गृहस्थ वर्णन वगैरे सगळं विसरला आणि नुसता "माएहाता, गानबारे! गानबारे!" असं ओरडत सुटला. वीसहून जास्त वेळा! मग "कात्ता! कात्ता!", म्हणजे जिंकली, जिंकली. वेळ किती, दुसरी कोण, हे सगळं नंतर. 'गानबारे'ला मराठीत नेमका शब्द नाही. "लाव जोर", "कच खाऊ नकोस", "अजून थोडं" हे सगळं एकत्र केलं की जे होईल ते.

त्या शर्यतीत हिदेको माएहाता ३ मिनिटं ३.६ सेकंदांत पहिली आली आणि जर्मनीची मार्था गेनेंगर ३ मिनिटं ४.२ सेकंदांत दुसरी. फरक ०.६ सेकंदाचा. पोहण्याच्या वेगाने हिशेब केला तर जेमतेम दीड हात. तिसरी आली डेन्मार्कची इंगे सोरेन्सन, वय वर्षं फक्त १२! माएहाता ही ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली जपानी महिला.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पण मला जास्त ओढ लागली ती त्याच्या चार वर्षं आधीच्या गोष्टीची.

हिदेकोचा जन्म १९१४ चा, वाकायामा प्रांतातल्या हाशिमोतो गावचा. आईवडिलांचं तोफूचं दुकान. तलाव वगैरे काही नाही, पोरगी पोहायला शिकली ती गावातल्या किनोकावा नदीत. (आपल्याकडे विहिरीत ढकलून शिकवायचे, तसंच काहीसं असावं.) पुढे नागोयाच्या एका मुलींच्या शाळेने तिला बोलावून घेतलं. १९३१ साली एकाच वर्षात तिचे आई आणि वडील दोघंही गेले. तरीही १९३२ मध्ये ती लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला गेली आणि १८ व्या वर्षी रौप्यपदक घेऊन आली. ऑस्ट्रेलियाची क्लेअर डेनिस ३ मिनिटं ६.३ सेकंद, ही ३ मिनिटं ६.४ सेकंद. एक दशांश सेकंद! अंतरात मोजलं तर साधारण ११ सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत.

थोडं विषयांतर. त्या वर्षी जपानी श्रोत्यांनी कुठलीच शर्यत थेट ऐकली नव्हती. अमेरिकेत पैशांवरून वाद झाला आणि थेट प्रक्षेपण बारगळलं. मग जपानी निवेदकांनी काय करावं? स्टेडियममध्ये बसून टिपणं काढायची, गाडीने स्टुडिओत जायचं आणि जणू आत्ता समोर घडतंय अशा आवेशात ते सांगायचं. १०० मीटर धावण्याची शर्यत म्हणे अशी रंगवली, की दहा सेकंदांच्या शर्यतीला मिनिटाच्या वर वेळ लागला :) सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर १९३२ चं सगळं 'बॅच प्रोसेसिंग' होतं आणि १९३६ ला जपान 'रिअल टाइम' झाला. त्या रात्री घराघरात जे झालं त्यात या फरकाचा वाटा फार मोठा आहे. निकाल कासाईलाही माहीत नव्हता आणि ऐकणाऱ्यालाही. दोघं एकाच क्षणी घाबरले होते.

असो. तर रौप्यपदक. हिदेकोच्या डोक्यात होतं की आता झालं, घरी जायचं, पोहणं थांबवायचं. पण तिला भेटले टोकियोचे महापौर नागाता हिदेजिरो. १९४० चं ऑलिंपिक टोकियोला मिळावं म्हणून ते खटपट करत होते. त्यांनी अभिनंदन केलं नाही. सुवर्ण का नाही आणलंस, असं विचारलं. दशांश सेकंदानेच तर गेलं, आता पुढच्या वेळी भरून काढ.

बोर्डात ९८ टक्के मिळालेल्या पोराला "उरलेले दोन कुठे गेले?" विचारणारे काका आपल्या सगळ्यांच्या घरात असतात. पण इथे काकांच्या मागे अख्खा देश उभा होता. पोरगी परत पाण्यात उतरली. १९३३ मध्ये तिने २०० मीटरचा विश्वविक्रम केला, ३ मिनिटं ०.४ सेकंद. मग तर सुवर्ण गृहीतच धरलं गेलं. बर्लिनला तिच्या नावाने तारांचा ढीग आला. हरले तर जगून तोंड कसं दाखवायचं, असे विचार मनात होते, हे तिनेच पुढे सांगितलंय. शर्यतीच्या आधी तिने देवाचा ताईत पाण्याबरोबर गिळला होता.

हे वाचल्यावर 'गानबारे' वेगळं ऐकू येतं. रेडिओवर तो प्रोत्साहनाचा आवाज आहे, पण पाण्यात असणाऱ्या २२ वर्षांच्या बाईसाठी तेच ओझं होतं. तिची जिंकतानाची वेळ बघा. स्वतःच्या विश्वविक्रमापेक्षा तीन सेकंदांनी जास्त! ती त्या दिवशी तिच्या आयुष्यातलं सगळ्यात वेगवान पोहली नाही. भीती पोटात घेऊन ती फक्त हरली नाही. माझ्या मते हे जास्त अवघड आहे.

आणि ज्या देशासाठी हे सगळं केलं त्याचं पुढे काय झालं? ३१ जुलै १९३६ ला, म्हणजे शर्यतीच्या अकरा दिवस आधी, १९४० चं ऑलिंपिक टोकियोला मिळालं होतं. पण १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं आणि १९३८ मध्ये जपानने ते परत केलं. ज्या जर्मनीच्या गेनेंगरला हरवल्यावर जपान मध्यरात्री नाचला, त्याच जर्मनीशी नोव्हेंबर १९३६ मध्ये करार झाला. आणि एका आवाजाने सगळ्या देशाचा श्वास एकदम रोखता येतो हे दाखवणाऱ्या त्याच रेडिओवरून ८ डिसेंबर १९४१ च्या सकाळी अमेरिकेशी युद्ध सुरू झाल्याची बातमी आली. कासाईचा यात दोष नाही. तो बिचारा मनापासून ओरडला. पण कान तयार झाले होते.

हिदेकोने १९३७ मध्ये एका डॉक्टरशी लग्न केलं. पुढे नागोयात ती आईलोकांना पोहायला शिकवायची. म्हणजे स्पर्धा नाही, स्टॉपवॉच नाही, घरकाम आटपून आलेल्या बायका आणि पाणी. १९८३ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, त्यातूनही ती सावरली आणि पुन्हा पाण्यात उतरली. १९९५ मध्ये ती गेली. योगायोग असा, की मार्था गेनेंगरही त्याच वर्षी गेली.

जपानमध्ये आजही तिचं नाव निघालं की लोकांना आधी कासाईचं ओरडणं आठवतं, २०१९ मध्ये तिकडच्या एका टीव्ही मालिकेतही तो प्रसंग आला होता. मला मात्र ते आईलोकांचे वर्ग जास्त आवडले. अर्धी वीत कमी पडली म्हणून चार वर्षं ऐकून घेतलेल्या बाईने पुढे जे पोहणं शिकवलं, त्यात पहिलं-दुसरं काही नव्हतंच.