चैत्रातला बर्फ

काश्मीरच्या सहलीला नाव नोंदवायला आलेला सोलापूरकर गाडीचं विचारतो, जेवणाचं विचारतो, खोलीत गरम पाणी येतं का तेही विचारतो, आणि उठता उठता हमखास म्हणतो, "बाई, बर्फ असेल ना?" मी शाळेत भूगोल शिकवला. परीक्षा आटोपल्या, पेपर तपासून झाले, की ओळखीच्या माणसांचा जथा घेऊन कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून पुढे काश्मीर, असा माझा जुना रिवाज आहे. त्या प्रश्नाला मी नुसतं 'असेल' म्हणत नाही. "किती वाजता?" असं उलट विचारते. माणसं चक्रावतात. पण एप्रिलमधल्या गुलमर्गचा सगळा भूगोल या 'किती वाजता'मध्ये आहे, आणि बराचसा इतिहाससुद्धा.

गुलमर्गचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटरवर आहे. पाठीशी पीर पंजाल रांगेतला अफरवटचा डोंगर उभा. हिवाळाभर साचलेला बर्फ मार्चच्या मध्यापासून बदलायला लागतो. दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, ते पाणी खाली मुरतं, आणि रात्री आभाळ निरभ्र असलं की गोठतं. असं रोज चालू राहिलं की हिमाचे नाजूक, टोकदार स्फटिक नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे जाड, गोल दाणे तयार होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट धरून असतात. उतार इतका टणक, की त्यावर बुटाची खूण उमटत नाही. साधारण नऊ-दहा वाजता वरची दोन-तीन बोटं मऊ होतात. खाली पक्का आधार आणि वर मऊ थर, अशी ही वेळ. स्की करणारे या बर्फाला 'कॉर्न' म्हणतात आणि त्यासाठी वसंताची वाट बघतात, कारण त्यावर वळणं सहज घेता येतात. पण ही वेळ तास-दोन तासांची. ऊन डोक्यावर आलं की थर खोलवर भिजतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि उभ्या उतारांवरून ओल्या बर्फाचे लोट सुटण्याची भीती वाढते. ज्या उतारावर सकाळचं ऊन आधी पडतं तो आधी मऊ होतो, उत्तरेकडे तोंड केलेला मागाहून. म्हणून एकाच डोंगरावर, एकाच वेळी, तीन तऱ्हेचा बर्फ सापडतो.

दुसरी गोष्ट वजनाची. ताज्या बर्फात हवाच जास्त. दहा सेंटीमीटर थर वितळवला तर जेमतेम एक सेंटीमीटर पाणी निघतं. चैत्रातल्या तेवढ्याच थरातून त्याच्या चार-पाच पट निघू शकतं. दुपारच्या त्या जड, ओल्या बर्फातून आपल्याला लाकडी स्लेजवर बसवून ओढत नेणाऱ्या माणसाच्या खांद्यांवर काय येत असेल, ते या आकड्यांवरून समजतं.

काश्मिरी माणसाला हे सगळं पाठ्यपुस्तकातून शिकावं लागत नाही. त्याचा हिवाळाच मोजलेला आहे. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ थरावर थर बसून गोठतो आणि उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरवतो. त्यानंतर पडलेला फार टिकत नाही, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. आपल्याकडे शेतकरी मृग-आर्द्रा-हस्तावरून पाऊस जोखतो, त्याच जातीचं हे ज्ञान. अफरवटचं वितळलेलं पाणी निंगल नाल्यातून सोपोरकडे झेलमला मिळतं. तेव्हा बर्फ कसला पडला, हा तिथे भाताच्या शेतीचा प्रश्न आहे. स्की ही गोष्ट तिथे फार नंतर आली.

मुळात गुलमर्ग हे उन्हाळ्याचं ठिकाण. सोळाव्या शतकातला काश्मीरचा सुलतान यूसुफ शाह चक आणि त्याच्यानंतर बादशहा जहांगीर या पठारावर येत, ते फुलांसाठी. इंग्रज आले तेही श्रीनगरचा उकाडा सोसेना म्हणून. त्यांनी इथे गोल्फचं मैदान आखलं, 1888 मध्ये नेडू हॉटेल निघालं, 1902 मध्ये सेंट मेरीचं चर्च उभं राहिलं. थंडी पडली की सगळे खाली उतरत, आणि पठार बर्फाखाली गाडलं जाई. हिवाळ्यातलं गुलमर्ग ही कल्पनाच विसाव्या शतकातली.

1927 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब काढला. त्याचे वर्षाला दोन मेळावे भरत, एक नाताळात आणि एक ईस्टरला. मला या दुसऱ्या मेळाव्याचं फार कुतूहल आहे. ईस्टरचा रविवार 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, म्हणजे साधारण आपल्या चैत्राच्या आगेमागे. ज्या बर्फावर आज माझे सोलापूरकर घसरगुंडी खेळतात, त्याच ऋतूतल्या बर्फावर तेव्हा शर्यती लागत. वर जायला पाळणे नव्हते. स्कीच्या तळाला कातडी पट्ट्या लावून पठारावरच्या चढावरल्या खिलनमर्गपर्यंत पायी चढायचं, आणि काही तासांची चढाई काही मिनिटांत संपवून खाली यायचं. दुपारच्या ओल्या बर्फात असं चढता येत नाही. तेव्हा ईस्टरला आलेले साहेब पहाटेच निघत असणार.

त्यांचं सामान कोण नेत होतं? मोटार पायथ्याच्या तंगमर्गपर्यंतच येई. पुढचा चढ घोड्यांच्या नि माणसांच्या पाठीवर. काश्मिरी हमाल भाताच्या पेंढ्यापासून वळलेली 'पुलहोर' नावाची पादत्राणं घालत. ओल्या बर्फावर पेंढा घसरत नाही, पण तो लवकर झिजतो आणि भिजतो. क्लबाबद्दल मी जे काही वाचलं त्यात साहेबांची नावं भेटतात, हुद्देही भेटतात. आज कोणत्या वाटेला बर्फ धरून आहे आणि कुठून जाऊ नये, हे ज्यांनी त्यांना सांगितलं असेल त्यांची नावं मला भेटली नाहीत. मला हा साधा अन्याय वाटतो. सोलापूरच्या माणसाला आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या वर्षांत हे मेळावे रंगत होते, त्याच वर्षांत, मे 1930 मध्ये, त्याच राजवटीने आमच्या गावावर मार्शल लॉ लादला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. सुट्टीवरचा साहेब आणि हुकमतीवरचा साहेब हे दोन वेगळे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर क्लबाचे दिवस संपले आणि बर्फ लष्कराच्या हाती आला. 1948 मध्ये, काश्मीरची लढाई चालू असतानाच, इथे लष्कराची स्की शाळा सुरू झाली. तिचंच पुढे 'हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल' झालं. आपल्या बार्शी-माढ्याकडचा पोरगा पायदळात गेला, तर दगडधोंड्यात वाढलेल्या त्याच्या पायांना बर्फात चालायला अशाच प्रशिक्षणात शिकावं लागतं. हे शिक्षण किती महाग असतं ते 8 फेब्रुवारी 2010 रोजी देशाला कळलं. खिलनमर्गच्या उतारावर प्रशिक्षण घेत असलेल्या जवानांवर हिमकडा कोसळला आणि 17 जण गेले. गुलमर्गला आलेल्या माणसाने हे माहीत करून घ्यावं, असा माझा आग्रह असतो. दोरी लावून एखादा उतार बंद केलेला दिसला की "थोडंसं पुढे जाऊन फोटो काढतो" म्हणणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते.

खेळाकडे सरकारचं लक्ष गेलं ते 1960 मध्ये. हिवाळी खेळांना जागा शोधण्यासाठी पर्यटन खात्याने रुडॉल्फ मॅट यांना ऑस्ट्रियाहून बोलावलं. हे 1936 चे स्लॅलम या स्की शर्यतीतले जगज्जेते. त्यांनी गुलमर्गवर बोट ठेवलं. 1968 मध्ये इथे स्की आणि गिर्यारोहणाची संस्था निघाली. गोंडोलाचा, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांचा, करार फ्रेंच कंपनीशी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस झाला, आणि तेवढ्यात खोऱ्यात बंदुका निघाल्या. काम रखडलं. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला, कोंगडोरीपर्यंत; दुसरा 2005 मध्ये, थेट अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे 3,900 मीटरवर. त्या दुसऱ्या टप्प्याने एप्रिलचं गुलमर्ग पार बदलून टाकलं. खाली पठारावर चिखल, गवताचे हिरवे ठिपके आणि मळकट बर्फाचे तुकडे असले तरी वर पांढरा उतार मिळतो. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांची माणसं आणि आमच्यासारखे गावोगावचे जथे याच सुमारास मोठ्या संख्येने येऊ लागले. त्याआधीची, 'बॉबी' (1973) आणि 'आप की कसम' (1974) बघून मधुचंद्राला गेलेली पिढी निराळी. मधल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या भागातून काश्मीरचं नाव कुणी काढत नव्हतं. 'आप की कसम'मधलं टेकडीवरचं महाराणीचं शिवमंदिर मात्र जून 2024 च्या आगीत जळालं. सिद्धेश्वराच्या गावाहून येणारी माणसं आधी तिथे हात जोडत आणि मग बर्फाकडे वळत.

आमची माणसं बर्फावर कशी वागतात, हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. घरून निघताना पारा 42 वर, पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि विश्वास बसणार नाही पण चादरसुद्धा. तंगमर्गला भाड्याचे कोट नि गमबूट चढवायचे. तोपर्यंत अकरा वाजतात. गोंडोलाच्या रांगेत आणखी दोन तास. वर पोचेपर्यंत चैत्रातल्या बर्फाची चांगली वेळ टळलेली असते. मग पाय रुततात, गमबुटात पाणी जातं, लहान मुलं रडतात, आणि जेवायला खाली बसल्यावर "बर्फ काही खास नव्हता" असा निकाल लागतो. बर्फ खास होता. आपण चार तास उशिरा गेलो. तिथले स्लेजवाले हे रोज बघतात. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना मी फार मानते. त्यांना मी चाचा म्हणते, ते मला ताई म्हणतात. हातातली काठी बर्फात खुपसून, ती किती आत गेली आणि बाहेर काढताना कसा आवाज झाला, यावरून ते उतार जोखतात. मी नकाशावर शिकवलेल्या कितीतरी गोष्टी मला त्यांच्या त्या काठीने नीट समजावल्या.

सोलापूरकराला वाटतं, बर्फाशी आपला काय संबंध? संबंध आहे. गुलमर्गला बर्फ आणणारे पश्चिमेचे झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात. ते कधी नेहमीपेक्षा दक्षिणेला उतरले आणि खालच्या बाष्पाला भिडले, की आपल्याकडे गारपीट होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात द्राक्षं, डाळिंबं, ज्वारी झोडपली गेली ती अशाच हवेने. शिवारात पांढरा थर बघून मुलं हरखली होती आणि बागायतदार बांधावर सुन्न बसले होते. वर्गात पश्चिमी झंझावात शिकवताना मी गुलमर्गचं चित्र दाखवायची. त्या वर्षापासून आपल्याच जिल्ह्याचं दाखवू लागले.

आता तर वेळापत्रकच हललं आहे. जानेवारी 2024 मध्ये, ऐन चिल्लई कलानमध्ये, गुलमर्गचं पठार उघडं पडलं होतं. स्की शिकायला आलेली माणसं पिवळ्या गवताकडे बघून परतली. 2025 मध्ये खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीत गुलमर्गला ठरले होते. पुरेसा बर्फ नाही म्हणून ते पुढे ढकलले आणि 9 ते 12 मार्चला घेतले. वसंतातल्या बर्फावर पुन्हा शर्यती लागल्या, ईस्टरच्या मेळाव्यासारख्या. फरक इतकाच की या वेळी नाइलाज होता. तंगमर्गच्या बाजूचाच आरिफ खान 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटा खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला. ज्या मुलांनी त्याच्यामागून यायचं, त्यांना सरावाला महिना कमी मिळाला तर ती कुठे जाणार? युरोपातल्यासारखा यंत्राने बर्फ पाडायची सोय गावच्या पोराच्या हातात नाही.

त्याच वसंतात, 22 एप्रिल 2025 रोजी, पहलगामला 26 जणांना मारलं गेलं. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते. आमचा जथा त्या वर्षी गेला नाही. चाचांचा फोन आला, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी सगळ्यांची खुशाली विचारली आणि म्हणाले, ताई, वर बर्फ चांगला आहे.

तुम्ही एप्रिलमध्ये जाणार असाल तर एवढं करा. मुक्काम श्रीनगरऐवजी गुलमर्ग किंवा तंगमर्गला ठेवा, गोंडोलाची तिकिटं आधी काढा आणि सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत वर पोचा. बारा वाजायच्या आत उतारावरून बाहेर या. बूट पावलाला घट्ट बसतील असेच घ्या, गॉगल विसरू नका. ज्या बाजूला स्थानिक माणूस जात नाही, त्या बाजूला जाऊ नका. स्लेजचा भाव आधी नीट ठरवा, आणि एकदा ठरला की ओल्या बर्फातून तुम्हाला ओढून आणणाऱ्याशी खाली उतरल्यावर घासाघीस करू नका.